साखरबाईचा न छापलेला कागद

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

वालचंदनगर, ता. इंदापूर
दि. ९ नोव्हेंबर १९९३

चि. सुकन्या हिला आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं जाड पाकीट पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता, नातीचं लग्न ठरलं काय, एवढी जाड पत्रिका कशाची. मी म्हणले, लग्न न्हाय, प्रबंध हाय. त्याला काय कळलं न्हाय. मलाबी निम्मंच कळलंय.

तू लिहितीस, सुभद्राबाई रिसबूड म्हणून थोर बाई होऊन गेली. तिनं पुण्याच्या पेपरात बायकांचं 'माजघर' नावाचं पान पंचवीस वर्षं चालवलं आणि तू आता तिचं चरित्र शोधतीस. शोध. मेलेल्या बाईवर लिहायचं एक बरं असतं, ती उलटून बोलत न्हाय. पर थोर थोर असं चार वेळा लिहिलंयस ते खोडून एकदाच ठेव. तिचा भाऊ हितं कारखान्यात इंजिनेर होता. दर दिवाळीला ती त्याच्या क्वार्टरवर येऊन महिनाभर राहायची. व्हरांड्यात वेताची खुर्ची, चष्म्याला दोरी आणि मांडीवर वही. शेळी जवळ आली की पाय वर घेऊन बसायची. शेळीला भ्यायची आणि खेड्यावर लिहायची.

एकदा तिनं छापलं, घोंगडं कडकडीत पाण्यात सोडा घालून धुवावं म्हणजे मऊ होतं. अगं, कडकडीत पाण्यात घातलं तर घोंगडं आटून बाळाच्या कुंचड्याएवढं होतं. जिनं तिला सांगितलं तिनं 'घालू नका' म्हणून सांगितलं होतं. पुण्यातल्या किती बायकांची घोंगडी आटली देव जाणे. एकीनंबी तक्रार केली न्हाय. पेपरात आलं म्हणजे खरंच असंल, घोंगडंच वाईट असंल.

आता तुझं काम. 'साखरबाई, ता. इंदापूर' या नावानं त्या पानावर पाच-सहा वर्षं पत्रं येत होती, ती बाई जिवंत असंल तर शोधून दे म्हणतीस. आपल्या बाजूला साखरबाई दोन होत्या. एक लग्नाआधीच गेली. दुसरी बहिरी, आणि तिला अंगठ्यापलीकडं काय येत न्हवतं. तवा शोधू नको.

तुझा बाप सर्जेराव बरा हाय, नोकरीवर जातोय. काळ्या शेळीला दोन करडं झाली. शेंगा पाठवल्यात त्या वाटून संपवू नको, खा. लोभ हाय तो हायच, कागदावर लिहून वाढत न्हाय.

तुझी आजी


पुणे
दि. २० नोव्हेंबर १९९३

ती. गं. भा. आजीस,
सुकन्याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मैत्रिणी लोळून हसल्या. शेंगा दोन दिवसांत संपल्या, क्षमा असावी.

पण आजी, तू माझ्यापासून काहीतरी लपवतेस. चष्म्याची दोरी, वेताची खुर्ची, घोंगड्याबद्दल खरं काय सांगितलं होतं ते, हे सगळं तुला कसं ठाऊक? साखरबाई तुझ्या ओळखीची होती ना? मला ती हवी आहे, कारण माझं सगळं त्यावर अडलं आहे. मार्चमध्ये सुभद्राताईंच्या पंचाहत्तराव्या जयंतीला स्मृतिग्रंथ निघणार आहे. संपादन आमच्या मार्गदर्शक मॅडमचं. त्यांनी मला एक लेख दिला आहे, 'साखरबाई : ग्रामीण स्त्रीचा पहिला आवाज'. तो चांगला उतरला तर पुढच्या शिष्यवृत्तीसाठी त्या माझी शिफारस करतील. सुभद्राताईंच्या आधी खेड्यातल्या बाईला लिहितं कुणीच केलं नव्हतं, असं मॅडम म्हणतात.

सगळ्यांत सुंदर पत्र १९५७ च्या संक्रांतीचं आहे. लेखाची सुरुवात मी त्यानेच करणार. तुझ्यासाठी चार ओळी उतरवते : 'आमच्या वस्तीवर संक्रांतीला दुःखाला जागाच नसते बाई. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी हळदीकुंकवाला निघालो की पाखरांनी वाट द्यावी. माहेर जवळ, सासर प्रेमळ, आणखी काय हवे?' किती निर्मळ आहे, नाही?

आईबाबांना नमस्कार. थंडीत पहाटे गोठ्यात जाऊ नकोस. तुझ्या रागावर माझा हक्क आहे, तेव्हा रागाव, पण लिही.

तुझी सुकन्या


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

वालचंदनगर
दि. २ डिसेंबर १९९३

चि. सुकन्याला आजीचे आशीर्वाद. वि. वि.

त्या चार ओळी मला पुन्हा वाचाव्या लागतील असं वाटलं न्हवतं. छत्तीस वर्षं झाली. मन लावून आयक, मी हे एकदाच लिहिणार.

साखरबाई म्हणजे मी. म्हाळसा नावाची धनगराची बाई सकाळी शेळीचं दूध घालायला क्वार्टरवर जायची, कारण इंजिनेराच्या पोराला म्हशीचं पचत न्हवतं. सुभद्राबाई दूध मापायच्या आधी मला पायरीवर बसवायची आणि इचारायची. मी बोलायची, ती लिहायची. नाव साखरबाई तिनंच ठेवलं. म्हाळसा नाव बायकांना जड जाईल म्हणाली. साखर घालायची खोडच होती तिला. मी म्हणायची सासूनं उपाशी ठेवलं, तितं छापून यायचं की सासूबाईंचे उपवास फार कडक. मी म्हणायची नवरा मारतो, ती लिहायची इकडची स्वारी जरा तापट. माझ्या जल्मात मी 'इकडची स्वारी' म्हणले न्हाय.

एक खरं, तिनं मला अक्षरं शिकवली. पेपराच्या मथळ्यावरनं, कारण ती मोठी असायची. मी वाचलेले पहिले शब्द रव्याचे लाडू. दोन वर्षांत वाचायला यायला लागलं, लिहायला जेमतेम.

आता ठमाचं. माझी धाकटी बहीण, बारामतीच्या अंगाला दिलेली. एक पोरगी झाली, शकू, मग मूल झालं न्हाय. सासरी दुसरी बायको करायची घाई. सत्तावन सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधल्या सोमवारी, ती विहिरीत मेली. मी पोचले तवा तिला भुईवर निजवलेलं होतं. सासरचे फौजदाराला सांगत होते, पाणी आणायला गेली, पाय घसरला. मी आत पाणी प्यायला गेले तर घागर काठोकाठ भरलेली. डोक्यात मागनं खोक. आणि ठमा कालव्यात पोहायची, मेंढरं पार करायची, हे आपल्या अख्ख्या भावकीला ठावं. मी बोलले. फौजदार चहा पिऊन गेला.

मग मी शाणपण केलं. घरी येऊन पेपराला कागद लिहिला. माझ्या हातानं, पहिला. पुण्याला सुभद्राबाईला टपालानं धाडला. पेपर म्हणजे माझ्या लेखी ते एकच पान होतं. खून कुठल्या पानावर छापतात मला काय ठाऊक? मी लाडू आणि घोंगड्याच्या शेजारी माझी बहीण छापायला दिली.

आठ दिवसांनी इंजिनेराच्या बायकोनं मला हाक मारून पेपर दाखवला, बघ तुझं आलंय. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. ठमाला जाळून अकरावा दिवस होता. आणि माझ्या तोंडून माझी धाकटी बहीण हळदीकुंकवाला निघाली होती.

दूध बंद केलं. पुढल्या दिवाळीला बाईनं बोलावणं धाडलं, मी निरोप दिला शेळी आटली. शेळी आटली न्हवती.

तर लेखाची सुरुवात त्यानं करणार असशील तर कर. निर्मळ हाय म्हणतीस. असंल. रक्त धुतलेलं फडकंबी निर्मळच दिसतं.

तुझी आजी


पुणे
दि. १० जानेवारी १९९४

ती. गं. भा. आजीस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

महिनाभर लिहायचं धाडस झालं नाही. चार वेळा पत्र सुरू करून फाडलं.

सुभद्राताईंच्या भाच्यांकडे त्यांच्या कागदांच्या दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. मी रोज जाऊन एक एक फाईल पाहिली. नवव्या दिवशी तुझा कागद सापडला. वहीचं पान आहे, चार घड्या घातलेलं. तुझी अक्षरं मथळ्यासारखी मोठी आणि ठळक आहेत, एका ओळीत तीन-चार शब्द मावलेत. मी जसाच्या तसा उतरवते : 'सुभद्राबाईस म्हाळसाचा नमस्कार. माझी बहीण ठमा सोमवारी विहिरीत मेली. सासरचे म्हणतात पाणी आणाया गेली पाय घसरला. घागर घरात भरलेली होती मी बघितली. ठमा कालव्यात पोहायची. डोक्याला मागनं खोक होती. हे छापा. नाव छापा.'

वर कोपऱ्यात पेन्सिलीने सुभद्राताईंच्या अक्षरात लिहिलं आहे : 'खरे वाटते. पण पान हलके हवे. पुढे पाहू.' आणि त्याच टाचणीला संक्रांतीच्या पत्राचा कच्चा खर्डा आहे, तोही त्यांच्याच हातचा. म्हणजे तुझा कागद वाचून, बाजूला ठेवून, त्यांनी ते लिहिलं. टाचणी इतकी गंजली आहे की काढताना तुटली.

पुढे त्या चौदा वर्षं संपादक होत्या. पाहिल्याचं कुठे दिसलं नाही.

मी हे मॅडमना दाखवलं. त्यांनी दोन्ही कागद वाचले. मग म्हणाल्या, त्या काळात एकट्या बाईने पुरुषांच्या कचेरीत पान टिकवलं, हे तू विसरू नकोस; असलं छापलं असतं तर पानच बंद केलं असतं. तेही खोटं नाही, आजी. पण मग त्या म्हणाल्या, जयंतीच्या ग्रंथात हे शोभणार नाही. फार तर एक तळटीप दे, नाव न घेता : 'काही पत्रांचे संस्करण संपादिका स्वतः करीत असत.' शिफारशीचं त्या काही बोलल्या नाहीत, पण बोलल्यासारखंच होतं.

तळटीप दिली तर तुला चालेल का? निदान काहीतरी नोंद राहील. तू सांगशील तसं करीन. मला दोष देऊ नकोस.

तुझी सुकन्या


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

वालचंदनगर
दि. १९ जानेवारी १९९४

चि. सुकन्याला आशीर्वाद. वि. वि.

तळाशी म्हणतीस? ठमा एकदा तळाशी गेली तेवढं बास.

तुझ्या मॅडम म्हणतात पान बंद पडलं असतं. पडू द्यायचं. लाडू काय लोकांनी आधी खाल्ले न्हवते? आणि बाईला जमत न्हवतं तर गप बसायचं. छापलं न्हाय याचा राग मी कधीच गिळला असता. माझ्याकडनं हसवून घेतलं, त्याचा राग हाय. 'खरे वाटते' म्हणं. खरं वाटल्यावर माणूस ठेवून देतं, हे शिकलेल्यांचंच काम. आमच्यात खरं वाटलं की भांडण होतं.

मला काय पायजे ते आता सांगते. मला माझ्यासाठी काय नको. माझी सासू, नवरा, सुभद्राबाई, समदी गेली, आता नाव झालं काय आन् न झालं काय. पर शकू हाय. ठमाची पोरगी, आता चाळिशी गाठली, बारामतीत असती. तिच्या घरच्यांनी फौजदाराला सांगितलं पाय घसरला, आणि पोरीला सांगितलं जीव दिला. सोयीनं दोन. ती जल्मभर जीव दिलेल्या बाईची पोरगी म्हणून वाढली. लग्न झाल्यावर जरा आवाज चढला की तिची सासू म्हणायची, जा, तुझ्या आईची विहीर मोकळी हाय. आणि ठमा नवऱ्याआधी गेली, अहेव मेली, तरी तिच्या नावानं पितरपाटात अहेव नवमीचं पान कधी कुणी वाढलं न्हाय. जीव दिलेल्या बाईला वाढत न्हाईत म्हणाले. एवढी वर्षं ती उपाशी हाय.

मी शकूला सांगितलं न्हाय असं न्हाय. धा वेळा सांगितलं. ती म्हणती, मावशी, तू आईची बहीण, तू असंच म्हणणार. तोंडी सांगितलेलं मावशीचं असतं, छापलेलं खरं असतं. घोंगडी आटली तरी खरं.

तवा छापायचं तर अख्खं छाप, ठमाचं नाव घालून. न्हायतर माझा कागद परत धाड. पुढे पाहू असं मात्र लिहू नको, ते एकदा वाचून झालंय.

दोष देऊ नको म्हणतीस. अजून काय केलंच न्हाईस, दोष कशाचा देऊ?

तुझी आजी


पुणे
दि. ६ ऑगस्ट १९९४

ती. गं. भा. आजीस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सहा महिने मी नुसत्या खुशालीच्या चार ओळी पाठवत राहिले आणि तू त्याला उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस.

स्मृतिग्रंथातून मी माझा लेख काढून घेतला. समारंभ मोठा झाला, ग्रंथही देखणा आहे. साखरबाईवर दुसऱ्या कुणी तरी लिहिलं, संक्रांतीच्या पत्रापासूनच सुरुवात करून. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आणि जेवायला थांबले नाही. मॅडम समोर आल्या तर बोलतात, पण माझी फाईल आता त्यांच्या टेबलावर खालून वर येत नाही. शिष्यवृत्ती दुसरीला मिळाली. मी दोन शिकवण्या धरल्या आहेत. प्रबंध उशिरा होईल, पण होईल, आणि सुभद्राताईंवरच होईल. त्यांनी तुला लिहायला शिकवलं आणि तुझं लिहिलेलं दाबलं, दोन्ही त्यात असेल.

सोबत एका छोट्या त्रैमासिकाचे दोन अंक आहेत. बायकाच काढतात, छपाई साधी आहे, जेमतेम तीनशे प्रती. त्यात माझा लेख आहे, पण आधी पान अकरा उघड. तुझा कागद त्यांनी वेगळा साचा करून तुझ्याच अक्षरात छापला आहे. खाली तुझं नाव आहे आणि वर, मथळ्याच्या जागी, ठमाबाईचं.

अंगणातल्या दोन करडांपैकी एक मला दाखवायला ठेव. दिवाळीला येते. दार उघडशील ना?

तुझी सुकन्या


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

वालचंदनगर
दि. १ ऑक्टोबर १९९४

चि. सुकन्याला आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अंक पोचले. कागद हलका लावलाय, पलीकडची अक्षरं हितं दिसतात. तू लिहिलेलं लांबड हाय, निम्म्यात मी चष्मा काढला. अकरावं पान वाचलं. माझं अक्षर लई वाईट होतं, तवा कुणी सांगितलं न्हाय.

एक अंक घेऊन एसटीनं बारामतीला गेले. शकू जोंधळे निवडत होती. मी नुसतं पान उघडून पुढं ठेवलं. तिनं हात पुसले आणि वाचलं. लई वेळ लागला. नऊ ओळी हायत, पर ती परत परत वरून सुरू करत होती. मग तिनं एकच इचारलं, "मावशी, घागर खरंच भरलेली होती?" हे मी तिला धा वेळा सांगितलेलं. मी म्हणले, व्हय, काठोकाठ. तिनं मान हलवली आणि परत जोंधळे निवडायला बसली. मला वाटलं, झालं, तीनशे प्रती वाया.

बुधवारी अहेव नवमी होती. आधल्या दिवशी तिचा पोरगा मला न्यायला आला. शकूनं पान केलं होतं. तिच्या सासूनं इचारलं, हे कुणासाठी, तर तिनं अंक पुढं टाकला. म्हातारीला वाचता येत न्हाय, पर छापलेलं बघून गप बसली. शेजारची सवाष्ण जेवायला बसवली, हिरवं पातळ नेसवलं, ओटी भरली. भाजीत मीठ जास्त होतं. खिरीत वेलदोडा घालायचा राहिला. सदतीस वर्षांनी वाढलं आणि असं वाढलं, पर एवढ्या वर्षांच्या उपाशी बाईला मीठ कुठलं कळतंय.

सुभद्राबाईबद्दल तू दोन्ही लिहिणार म्हणतीस. लिही. तिनं कागद फाडला न्हाय, हे तिसरं लिही. फाडता आला असता. त्याबद्दल तिला चांगलं म्हणायचं तर म्हण, माझ्या तोंडी घालू नको. माझ्या तोंडी लई जणांनी घालून झालंय.

शिकवण्या धरल्यास त्या धर, पर रातच्याला उपाशी झोपू नको. काळं करडू तुझ्यासाठी ठेवलंय, ते वहीचे कागद खातं, तवा तुझं बाड घेऊन येऊ नको. दार उघडंच असतं.

एक सांगायचं राहिलं. सवाष्णीच्या पाटाशेजारी शकूनं पाण्यानं भरलेली घागर ठेवली होती. नवमीला असं कुठं कुणी ठेवत न्हाय. मला बोलायची खोड हाय, तुला ठावं हाय. मी काय बोलले न्हाय.

तुझी आजी,
म्हाळसा